पातं अंथुर्ण्याला, मूठ कऱ्हाटीला

"पर्समधी चाकू हाय का?"

खोली बघायला आलेल्या एकट्या बाईला घरमालकानं विचारलेला हा पहिला प्रश्न. गाव कुठलं, लग्न झालंय का, मटण खाता का, रात्री उशिरा येणार का, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी एसटीत बसून पाठ केली होती. कृषी सहायक म्हणून माझी पहिलीच नेमणूक होती आणि अंथुर्ण्यात राहण्याजोगी खोली मिळेना म्हणून मी रडकुंडीला आले होते. पण चाकूचं उत्तर काही पाठ केलेलं नव्हतं. घाबरून मी किल्ल्यांचा जुडगा काढला. त्याला एक नेलकटर होतं आणि नेलकटरला बोटाच्या पेराएवढं एक पातं होतं.

म्हाताऱ्यानं चष्मा लावला. पातं नखानं उघडलं, कानाशी नेलं, मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. डॉक्टर छाती तपासतात तसा चेहरा करून.

"हलका माल हाय," तो म्हणाला. "पन हाय." आणि घराकडे तोंड करून ओरडला, "अगं, च्या टाक. खोली दिली."

त्यानं जुडगा माझ्या हातात दिला नाही. ओट्यावर ठेवला आणि मला म्हणाला, उचला. मला वाटलं, परक्या बाईच्या हाताला हात लागू नये म्हणून असेल. जुन्या वळणाचा माणूस दिसतोय, बरं झालं. खरं कारण कळायला मला पुढे वर्षभर लागलं.

गाव त्यांना तात्या म्हणायचं, मीही म्हणायला लागले. तात्या साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले होते. कारखान्यातली अवाढव्य यंत्रं आयुष्यभर खोलून जोडलेल्या या माणसाला म्हातारपणी नाद लागला तो तळहातावर मावणाऱ्या यंत्राचा. जुने, घडीचे, खिशातले चाकू. गंजलेले, अडकलेले, मूठ फुटलेले, मालक मेलेले. दर गुरुवारी तात्या बारामतीच्या बाजाराला जायचे आणि भाजीकडे ढुंकूनही न बघता भंगारवाल्यांच्या ढिगाशी उकिडवे बसायचे. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, सांगितलेली मेथी हटकून विसरायची आणि धोतराच्या सोग्यात बांधलेला एखादा गंजका लोखंडी तुकडा घरी यायचा. तो बघून काकू म्हणायच्या, "आला पाव्हणा."

पाहुण्याची आंघोळ हा एक सोहळाच असायचा. आधी तो रॉकेलमध्ये बुडायचा, चांगला दोन दिवस. मग जुन्या टूथब्रशनं अंग घासणं. पितळेला चिंच आणि राख. पात्याला पाणीकागद, म्हणजे बारीक पॉलिशपेपर, पण हाताला हात लावल्यासारखा, हलका. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. दोन थेंब पडले तर तात्या स्वतःला शिवी द्यायचे. मग धारेचा दगड. आणि शेवटी परीक्षा. डाव्या हाताच्या दंडापासून मनगटापर्यंत धार फिरवून केस उडतात का ते बघायचं. त्यामुळे तात्यांचा उजवा हात अस्वलाचा आणि डावा तान्ह्या बाळाचा होता. गावातली पोरं त्याला ऊस तुटून गेलेलं रान म्हणायची. तात्यांना त्याचं काही नव्हतं.

दिवाणखान्यात एक मोठी पेटी होती. आतून काकूंच्या जुन्या मखमली चोळ्यांचं अस्तर. त्यात शंभराच्या वर चाकू, प्रत्येकाला स्वतंत्र कप्पा आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर चाकूची माहिती नसायची, माणसाची असायची. 'सोमेश्वरनगरचा पोस्टमन. बोरूला टोक करायचा, नंतर नुसत्या कैऱ्या.' 'इंदापूर स्टँडवरचा घड्याळवाला. फार बोलायचा.' 'म्हाईत न्हाय, पन डावखुरा हुता.' डावखुरा कसा ओळखलात, असं मी विचारलं. तर म्हणाले, मुठीचा कुठला भाग झिजलाय बघा की. मी बघितलं आणि मला खरोखर एक डावखुरा माणूस दिसला.

एकदा गावातला एक तरुण आला, त्याला खटका दाबला की फटकन उघडणारा चाकू हवा होता. तात्यांनी त्याला खाली बसवलं, चहा पाजला आणि हात हलवत परत पाठवला. वर म्हणाले, "जो चाकू आवाज करून उघडतो तो भेदरलेल्या माणसाचा. आपल्याकडं न्हाय." तो गेल्यावर माझ्याकडे वळून त्यांनी त्यांचं आवडतं वाक्य टाकलं, जे मी तीन वर्षांत किमान तीनशे वेळा ऐकलं असेल. "मॅडम, घडीचा चाकू उघडायला नख लागतंय, मिटायला अक्कल. बोटं तुटत्यात ती मिटताना."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज यायचा, "मग तवा कुठं गेली हुती?"

यावर तात्या पेटीचं झाकण लावून उठायचे. मला वाटायचं, नवरा-बायकोची जुनी खोच असेल काहीतरी.

काकूंच्या खोचेला मात्र धार होती, विळीला नव्हती. त्या घरात शंभरावर चाकू केस उडवत होते आणि विळीवर वांगं चिरलं जात नव्हतं, चेंगरलं जात होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तात्यांचं म्हणणं, विळी मिटत नाही, सबब ती आपल्या खात्यात येत नाही. पेटीतल्या चाकूला हात लावायची काकूंना परवानगी होती, पण कांद्याला नाही.

घोडीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

तात्यांच्या पेटीत एक इंग्रजी शिक्क्याचा जाडजूड चाकू होता. त्याला पात्याशिवाय एक वाकडा बोथट आकडा होता. चिठ्ठीवर लिहिलेलं, 'आकडा कशाला? इचारतोय.' आणि ते खरंच विचारत होते, वर्षानुवर्षं, भेटेल त्याला. शेवटी गावातल्या एका माजी सैनिकानं सांगितलं की तात्या, हा घोड्याच्या खुरात अडकलेला खडा काढायचा आकडा आहे. झालं. तात्यांची भूक गेली. काम कळलं आणि करून बघितलं नाही, म्हणजे फिटरच्या जन्माला येऊन काय उपयोग? पण अंथुर्ण्यात घोडा कुठला? ट्रॅक्टरला खूर नसतात.

मग लग्नसराई आली. एका बागायतदाराच्या घरचा परण्या निघाला होता. बाशिंग बांधलेला नवरदेव घोडीवर, पुढे बँड, मागे करवल्या, सगळे मारुतीच्या देवळाकडे. मी ओट्यावर उभी राहून बघत होते. एवढ्यात आमचे घरमालक उघडा चाकू हातात घेऊन रस्त्याच्या मधोमध गेले आणि म्हणाले, "थांबवा."

बँड थांबला. बायका किंचाळल्या. नवरदेवाचा चेहरा उतरला. त्याच्या मनात त्या क्षणी गावातल्या कुठल्या मुलीचं नाव आलं असेल देव जाणे. तात्यांनी कुणाकडेच बघितलं नाही. घोडीच्या मानेवर हात फिरवला, खाली वाकले, तिचा पुढचा पाय उचलून गुडघ्यावर घेतला आणि आकडा घातला. खुरातून सुपारीएवढा खडा निघाला. तात्यांनी तो नवरदेवाच्या मामाला दाखवला. मामा मारायच्या बेतात होता, पण घोडीवाला मध्ये पडला. "सकाळधरनं लंगडत हुती ओ! मला वाटलं नवरदेवाचं वजन हाय."

संध्याकाळी चिठ्ठी बदलली. 'घोडीच्या खुरातला खडा. अनुभव घेतला.'

अशा माणसाची मी चेष्टा करायची नाही तर कुणाची करायची? करायचे. पण एका गोष्टीची चेष्टा मी एकदाच केली आणि पुन्हा केली नाही.

पेटीतला पहिला कप्पा, अगदी वरचा डावीकडचा, त्यात चाकू नव्हता. नुसतं पातं होतं. तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं, लखलखीत, त्याच्यात तोंड दिसेल इतकं. दर शनिवारी तात्या ते काढायचे, पाणीकागदानं घासायचे, तेल लावायचे आणि परत गुंडाळून ठेवायचे. खाली चिठ्ठी नव्हती. मी एकदा म्हणाले, "तात्या, शंभर चाकूंना मुठी बसवल्यात, या बिचाऱ्यालाच का उघडं ठेवलंय? याला पण बसवा की एखादी."

तात्यांच्या हातात त्या वेळी दुसरा कुठला तरी चाकू होता. त्यांनी तो मिटला आणि बोट कापून घेतलं. तीन वर्षांत त्यांना रक्त आलेलं मी तेव्हा एकदाच बघितलं. ते हळद लावायला आत गेले.

गोष्ट काकूंनी सांगितली, विळीवर वांगी चेंगरता चेंगरता.

तात्या मूळचे कऱ्हाटीचे, तिकडे बारामतीच्या पलीकडचे. काकू अंथुर्ण्याच्या. काकूंना भाऊ नव्हता, म्हणून सासरा गेल्यावर तात्या बायकोच्या गावी येऊन राहिले. कऱ्हाटीला धाकटा भाऊ शेती करायचा. वडील वारले तशी वाटणी झाली. पंच बसले, जमीन झाली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, बैल झाले, भांडी झाली, सगळं गोडीगुलाबीत. शेवटी उरला वडलांचा चाकू. म्हशीच्या शिंगाची काळी मूठ, दोन्ही टोकांना पितळ. वडील तो बंडीच्या खिशात ठेवायचे. त्यानंच पेरूच्या दोन फोडी करायचे, एक थोरल्याला, एक धाकट्याला, आणि आपण चाकूला चिकटलेला गर चाटायचे. तो चाकू दोघांनाही हवा होता. पंच म्हणाले, चिठ्ठ्या टाका. तेवढ्यात धाकट्याच्या तोंडून निघून गेलं, "घरजावयाला बापाचा चाकू कशाला पायजे? सासऱ्याचा घे."

तात्या उठले. पिशवीतनं हातोडी आणि खिळे पाडायचा पोगर काढला. सगळ्या पंचांच्या डोळ्यांदेखत उंबऱ्यावर चाकू ठेवला आणि एका ठोक्यात सांध्याचा खिळा पाडला. पातं स्वतःच्या खिशात टाकलं आणि मूठ धाकट्याच्या हातात कोंबली. "घे. झाली बरोबर अर्धी वाटणी."

"हातात दिली," काकू म्हणाल्या. "खाली ठिवून नाय दिली. हातात चाकू दिला की भांडान हुतं म्हंत्यात न्हवं का, त्ये ह्यांच्या डोक्यात बसलंय. पंचवीस वरसं झाली, भाऊ भावाशी बोल्ला न्हाय. लग्नाला न्हाय, मयताला न्हाय. आन तवापास्नं ह्यो माणूस कुणाच्या हातात चाकू देत न्हाय."

म्हणजे माझं नेलकटर ओट्यावर ठेवलं गेलं, ते मर्यादेपोटी नव्हतं. माझ्याशी भांडण होऊ नये म्हणून होतं. त्याच दुपारी मी गुपचूप विळी इंदापूरला नेऊन धार लावून आणली.

मग माझी बदली बारामती तालुक्यात झाली आणि माझ्या गावांच्या यादीत कऱ्हाटी निघालं. हे काही नशीबबिशीब नाही, आमच्या खात्यात बदल्या अशाच होतात. पण तिसऱ्याच आठवड्यात शेतकऱ्यांच्या बैठकीत एक पांढऱ्या मिशांचा गृहस्थ समोर येऊन बसला आणि त्यानं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून सतरंजीवर ठेवला. जुडग्याला काळ्या शिंगाची मूठ होती. दोन्ही टोकांना पितळ, मध्ये रिकामी खाच, खाचेत माती. मी हुमणीच्या किडीवर बोलत होते. बोलायची थांबले.

बैठक संपल्यावर मी विचारलं, "आबा, याचं पातं कुठंय?"

आबांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "अंथुर्ण्याला. घरजावयाकडं." आणि मग, अगदी सहज विचारल्यासारखं, "का? तुमी वळखता व्हय त्याला? तब्येत बरी हाय का?"

तब्येत बरी नव्हती. काकूंचा फोन येऊन गेला होता. तात्यांचे हात थरथरायला लागले होते. डॉक्टर म्हणाले होते की हे आता वाढत जाणार. दाढी करणं बंद झालं होतं, दगडावर पातं टिकत नव्हतं. "खिळा ठोकायचं काम आता फार दिस व्हायचं न्हाय त्यांच्यानं," काकू म्हणाल्या होत्या. "आन ज्यो ठोकायचा हुता त्यो तसाच राहिला बघ पोरी."

मी आबांना ते जसंच्या तसं सांगितलं. आबा मिशी ओढत बसले. मग म्हणाले, "मूठ तयार हाय म्हणावं. ये घेऊन पातं."

मी त्यांच्यासमोरच फोन लावला. तिकडून तात्या म्हणाले, "मी थोरला हाय. त्यानं यावं."

आबांना ऐकू गेलं होतं. त्यांनी फोनकडे न बघता, हवेत बोलल्यासारखं सांगितलं, "त्याला इचारा मॅडम, फिटर हाय न्हवं त्यो? चाकूत मूठ जागची हालती का पातं फिरतं?"

फोनमधून चाकू उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज आला. मग तात्या बारीक आवाजात म्हणाले, "पातं फिरतं." आणि फोन ठेवला.

त्यानंतर आठ दिवस ते घरात कुणाशी धड बोलले नाहीत, असं काकूंनी सांगितलं. राग भावाचा नव्हता. भावाचं म्हणणं यंत्राच्या हिशेबानं बरोबर निघालं, याचा राग होता. चूक बोलणाऱ्याशी माणूस सत्तावीस वर्षं भांडू शकतो, बरोबर बोलणाऱ्याशी कसं भांडणार?

नवव्या दिवशी तात्या आणि काकू बारामती स्टँडवर उतरले. तात्यांच्या खांद्याला पिशवी, पिशवीत हातोडी, कानस, पोगर आणि रुळाचा एक जड तुकडा, तीच त्यांची ऐरण. मी त्यांना जीपमध्ये घालून कऱ्हाटीला नेलं. वाटेत तात्या एकच वाक्य बोलले, "तितं पाणी पिनार न्हाय मी."

आबांच्या दारात बाज टाकलेली होती. एका टोकाला तात्या बसले, दुसऱ्या टोकाला आबा, मध्ये मी. दोघं समोर बघत होते, म्हणजे गोठ्याकडे.

"त्याला म्हणावं, मूठ काढ," तात्या मला म्हणाले.

"त्याला म्हणावं, आधी पाणी पी," आबा मला म्हणाले.

मीही गोठ्याकडे बघायला लागले. काकू मात्र आत जाऊन जावेच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि चुलीवर चहा उकळत होता, हे बाहेर स्पष्ट ऐकू येत होतं. थोड्या वेळानं आबांनी जुडग्यातनं मूठ सोडवली आणि बाजेवर ठेवली. हातात नाही दिली. तात्यांनी ती उचलली, चिंधीनं खाचेतली माती काढली, फडक्यातनं पातं काढलं आणि बसवलं.

पातं मुठीत खुळखुळलं.

तात्यांनी काढून पुन्हा बसवलं. पुन्हा खुळखुळलं. पातं झिजलं होतं. सत्तावीस वर्षं दर शनिवारी पाणीकागदानं घासून ते कागदासारखं पातळ झालं होतं, आणि हे शंभर चाकू जुळवणाऱ्या माणसाच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्याच्या चाकूंना हलका हात लावणाऱ्या तात्यांनी आपला तेवढा घासून संपवला होता. गंजाचा ठिपका पडू दिला नाही, याचाच त्यांना अभिमान होता. त्यांचं तोंड इतकं पडलं की मला बघवेना.

आबा वाकून बघत होते. त्यांना राहवलं नाही. "दादा, घासून घासून खाल्लंस की रं पातं."

सत्तावीस वर्षांनी पहिला शब्द 'दादा' निघाला. निघाला तो तक्रारीत, पण निघाला.

"आन तू?" तात्या गरकन वळले. "मुठीला तेलाचा थेंब तरी दावलास का? शिंगाला तडा गेलाय ह्यो! किल्ल्या अडकवायला दिली हुती व्हय तुला?"

"दिली कुठं? हातात कोंबलीस!"

"तू घरजावई म्हन्लास!"

"मग हायेसच की!"

आणि मग आतून काकूंचा आवाज आला, "हायेतच. चांगलं जावई हायेत. च्या झालाय." आधी आबा हसले, मग नाइलाजानं तात्या. पाणीसुद्धा प्यायले.

पातं ढिलं म्हणजे दोन्ही बाजूंना पितळी चकत्या घालायला हव्या होत्या. आबांनी गोठ्यातून वडलांच्या बैलाच्या गळ्यातलं एक फुटकं घुंगरू आणलं. तात्यांनी त्याचा पत्रा ठोकून सपाट केला, कानशीनं गोल केला. एवढं त्यांच्यानं झालं. खिळा ठोकायची वेळ आली तेव्हा मात्र हातोडी भलतीकडेच पडायला लागली. तिसऱ्या ठोक्याला तात्यांनी हातोडी बाजेवर ठेवली. मी समजून चुकले की हा माणूस इथवर आला आणि आता हे व्हायचं नाही.

आबांनी हातोडी उचलली.

"मी धरतो, तू मार," तात्या म्हणाले. "हळू. आजून हळू. ऊस न्हाय तोडायचा. हा. असा."

चौथा ठोका तात्यांच्या अंगठ्यावर बसला. पाचवा आणि सहावा खिळ्यावर. तात्यांनी चाकू कानाशी नेला आणि मिटला. त्या आवाजाला मी तीन वर्षं ओळखत होते, बारीकसा, दार व्यवस्थित लागल्यासारखा. तात्यांनी चाकू बाजेवर ठेवला. आबांनी तो उचलला, आतून पेरू आणला आणि कापला. वडील दोनच फोडी करायचे. आबांनी तीन केल्या, माझ्यासाठी एक, आणि तिन्ही वाकड्या झाल्या.

मला एकच धास्ती होती. जोडला खरा, पण आता हा ठेवायचा कुणी? पुन्हा पंच बोलवायचे की काय? निघताना तात्यांनी सगळं सामान मोजून पिशवीत भरलं. अंथुर्ण्याला पोचल्यावर त्यांचा मला फोन. "मॅडम, त्याला सांगा, चाकू तितंच इसरला माझा." शंभर चाकूंच्या चिठ्ठ्या लिहून ठेवणारा माणूस चाकू विसरला म्हणे.

पंधरा दिवसांनी आबा अंथुर्ण्याला गेले, विसरलेला चाकू परत द्यायला. दोन दिवस राहिले, पेटीतल्या सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या, घोडीची गोष्ट चार वेळा ऐकली, आणि येताना चाकू ओट्यावर विसरून आले. मग तात्या-काकू कऱ्हाटीला. मग आबा अंथुर्ण्याला. दोघांची स्मरणशक्ती चाकूपुरती दोन वर्षं बिघडली, बाकी विहिरीच्या पाळ्यांपासून सगळं तोंडपाठ होतं. काकू म्हणायच्या, "आमच्याकडं दोगं इसराळू, येक तितं इसरतो, दुसरा हितं."

शेवटी शेवटी तात्यांना चमचासुद्धा धरता येत नव्हता. तेव्हा आबा जास्त दिवस राहायचे आणि पेरूची बारीक फोड करून त्यांच्या तोंडात घालायचे. मी एकदा भेटायला गेले होते तेव्हा तात्यांनी मानेनंच खुणावलं, बघा, कसा मिटतोय. आबा चाकू मिटत होते. बोटं सांभाळून, पातं हळूच खाली आणत.

या वर्षी उन्हाळ्यात तात्या गेले. तेराव्याला मी अंथुर्ण्याला गेले. काकूंनी पेटीतला सोमेश्वरनगरच्या पोस्टमनचा चाकू काढून त्यानं वांगी चिरायला घेतली होती. मला बघून म्हणाल्या, "मी इचारलं फोटोला. काय बोल्ले न्हाईत." आणि डोळ्यांना पदर लावला.

आबा ओट्यावर बसले होते. चाकू त्यांच्या मांडीवर होता. शेवटच्या खेपेला तो अंथुर्ण्यालाच राहिला होता. मी शेजारी बसले. मग आबा म्हणाले, "मॅडम, आता ह्यो मी कुणाकडं इसरू?"

त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा असं वाटलं, पण फिरवला नाही. थोड्या वेळानं आतून हाक आली म्हणून मी जेवायला उठले. पर्स ओट्यावरच ठेवली होती. निघताना आबांनी ती स्वतः उचलून माझ्यापाशी आणून ठेवली आणि म्हणाले, "नीट जावा."

बारामतीला घराच्या दारात किल्ली काढायला पर्समध्ये हात घातला तर बोटांना शिंग लागलं.

पर्समध्ये चाकू आहे का? आहे. आज तो टेबलावर समोर आहे, मिटलेला. रविवारी कऱ्हाटीला जाते. आबांचा चाकू माझ्याकडे राहिलाय.